हॉकविंडचं यंत्र: १९७३ चं आणि १९९३ चं

हॉकविंड या ब्रिटिश रॉक बँडचा १९९३ चा अल्बम ‘इट इज द बिझनेस ऑफ द फ्यूचर टू बी डेंजरस’ ऐकला की वाटतं, यात नवं काय, हा बँड तर पहिल्यापासून इलेक्ट्रॉनिकच होता! वाटणं साहजिक आहे. १९७३ च्या ‘स्पेस रिच्युअल’मध्येही घोंघावणं, शिट्ट्या, चित्कार सगळं आहेच. आवाज एका जातीचे आहेत, पण त्यांचं काम पार वेगळं आहे. दोन्ही अल्बम लागोपाठ लावा आणि एवढंच बघा: लय कोण धरतंय?

१९७३ मध्ये लय माणसांच्या हातात आहे. सायमन किंगचे ड्रम्स, लेमीचा दणकट बेस आणि त्याच त्या कॉर्डवर अडून बसलेली डेव्ह ब्रॉकची गिटार. डिकमिककडे ऑडिओ जनरेटर होता, म्हणजे उपकरणांची तपासणी करण्यासाठी वापरतात ते यंत्र. त्याला वाद्य म्हणणंही कठीण. डेल डेटमारकडे लंडनच्या ईएमएस कंपनीचा व्हीसीएस-३ सिंथेसायझर. त्याच्या मूळ यंत्राला पियानोसारख्या पट्ट्याच नव्हत्या. बारीक पिना खोचून जोडण्या करायच्या, बटणं फिरवायची, जॉयस्टिक हलवायची. अशा यंत्रावर नेमकी चाल वाजवणं अवघड. आवाज वर चढवणं, खाली ओढणं, फाडणं मात्र झकास जमतं. म्हणून ते गाण्याच्या अंगावरून वाऱ्यासारखं जातं. ‘ब्रेनस्टॉर्म’मधून ही यंत्रं काढून टाका, गाणं उभंच राहील. फक्त भोवतालचं आकाश जाईल.

१९९० नंतर माणसंच कमी झाली. १९९१ मध्ये कीबोर्डवाला हार्वे बेनब्रिज बाहेर पडला आणि उरले तिघं: ब्रॉक, बेसवर अॅलन डेव्ही, ड्रम्सवर रिचर्ड चॅडविक. ब्रॉक आणि डेव्ही दोघंही सिंथेसायझर वाजवू लागले. १९८३ पासून मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी जोडायची पद्धत, आलेली होती. एका सीक्वेन्सरवरून, म्हणजे ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवत राहणाऱ्या यंत्रावरून, अनेक सिंथ चालवता येत होते. पण मला यामागचं मोठं कारण मैदानात दिसतं. ज्या फुकट जत्रांमध्ये हॉकविंड वर्षानुवर्षं वाजवत आले, तिथे आता रेव्हवाल्यांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या पार्ट्या करणाऱ्यांच्या, साउंड सिस्टिम येत होत्या. मे १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या कॅसलमॉर्टनच्या फुकट जत्रेला झालेली गर्दी हे त्याचं ठळक उदाहरण. हॉकविंडच्याच जातकुळीचे श्रोते आता रात्रभर यंत्राच्या ठेक्यावर नाचत होते. पन्नाशीला टेकलेल्या ब्रॉकने तिकडे पाठ फिरवली नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे.

म्हणून १९९३ च्या ‘स्पेस इज देअर’सारख्या लांब तुकड्यात सीक्वेन्सरची फिरती ओळ हाच पाया आहे. गिटार येते ती रंग भरायला. यंत्र बंद केलं तर तुकडाच कोसळेल.

१९९२ चा ‘इलेक्ट्रिक टीपी’ या दोन्हींच्या मध्ये बसतो, आणि तिघांच्या काळातला माझा आवडता तोच. त्यात ‘राइट टू डिसाइड’सारखं सरळ रॉक आहे आणि निव्वळ सिंथचे तरंगते तुकडेही. पुढच्या अल्बममध्ये असे तुकडे काही ठिकाणी रेंगाळतात, हेही खरं.

फरक कानाने पकडायचा तर ड्रमरकडे लक्ष द्या. उत्साह आला की किंग बँडला घेऊन पुढे धावू शकतो. सीक्वेन्सर चालू असताना चॅडविकला ती मोकळीक नाही. त्याला यंत्राच्या घड्याळाबरोबर चालत आतल्या आत जोर वाढवावा लागतो.