सर्जिकल स्टील आणि टायटॅनियम: नव्याने टोचलेल्या कानासाठी हे दोन धातू सारखे नाहीत

नव्याने टोचलेल्या कानात काय घालावे असे विचारले की बहुतेक वेळा एकच ठरलेले उत्तर मिळते: सर्जिकल स्टील घ्या नाहीतर टायटॅनियम घ्या, दोन्ही सारखेच. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि मुलामा दिलेल्या कोणत्याही मिश्रधातूपेक्षा हे दोन्ही पर्याय निश्चितच बरे आहेत. तरीही ‘सारखेच’ हे म्हणणे चूक आहे. या चुकीमुळे ज्याला स्टीलमधले निकेल सोसत नाही त्याचा कान महिनोन्‌महिने चिघळत राहतो, आणि ज्याला ते आजवर सोसत होते त्यालाही जन्मभराची ॲलर्जी जडण्याची शक्यता निर्माण होते.

स्टीलविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण ते रोजच्या वापरातले आहे. ते गंजत नाही, घासून लखलखीत करता येते, उकळत्या पाण्याने बिघडत नाही. दागिन्यांसाठी वापरले जाणारे चांगले स्टील बहुधा ‘३१६ एल’ या प्रतीचे असते. टायटॅनियम त्याच्या शेजारी ठेवले तर ते किंचित काळपट राखाडी दिसते आणि हातात घेतल्यावर चटकन हलके जाणवते, कारण त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, तर स्टीलची सुमारे ८ ग्रॅम असते. त्यावर यंत्रकाम करणे अवघड असल्यामुळे ते महागही पडते. रंग, वजन आणि किंमत यांतले हे फरक खरे असले, तरी निवड त्यांवरून करायची नसते.

निवड करायची ती निकेलवरून. ३१६ एल स्टीलमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम आणि १० ते १४ टक्के निकेल असते. हे निकेल त्यात चुकून मिसळलेले नसते, ते त्या स्टीलचा आवश्यक घटक असते. शरीरात बसवण्याच्या उपकरणांसाठी जे स्टील ‘एएसटीएम’ या मानकसंस्थेच्या ‘एफ १३८’ या मानकानुसार बनते, त्यात तर निकेलचे प्रमाण १३ ते १५ टक्के असते. याउलट दागिन्यांसाठी योग्य समजल्या जाणाऱ्या ‘एएसटीएम एफ १३६’ या टायटॅनियमच्या मिश्रधातूत सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम आणि उरलेले जवळजवळ सगळे टायटॅनियम असते; निकेल हा त्याचा घटकच नाही. एका धातूत जवळपास आठवा हिस्सा निकेल आहे आणि दुसऱ्यात ते नाही, एवढे कळल्यावर या दोघांना कोणी सारखे का म्हणावे, हे मला समजत नाही.

इथे स्टीलची बाजू घेणारे एक रास्त मुद्दा मांडतात, आणि खरा गोंधळ त्याच मुद्द्यापाशी सुरू होतो. धातूत निकेल असणे आणि धातूतून निकेल बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टीलच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो आतले निकेल धरून ठेवतो. म्हणूनच निकेलची ॲलर्जी असलेली माणसेसुद्धा स्टीलचा चमचा निर्धास्त हाताळतात. युरोपीय संघाचा कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. १९९४च्या निर्देशात जखम भरेपर्यंत कानात राहणाऱ्या दांडीसाठी निकेलच्या प्रमाणावरच ०.०५ टक्क्यांची मर्यादा होती, म्हणजे नेहमीचे स्टील त्यात बसतच नव्हते. २००४ मध्ये ती बदलून निकेल किती बाहेर पडते यावर मर्यादा आली: टोचलेल्या भोकात राहणाऱ्या भागातून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याकाठी ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. त्वचेला केवळ बाहेरून दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी हीच मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. टोचलेल्या भोकासाठी नियम अधिक कडक आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तो कडक असण्याचे कारण भोकाच्या आत आहे. धड त्वचेच्या सर्वांत वर मृत पेशींचा एक घट्ट थर असतो आणि बाहेरचे पदार्थ आत शिरू न देणे हे त्याचे काम असते. कान टोचला की सुईच्या मार्गावर हा थर उरत नाही. दांडी थेट जिवंत ऊतीला लागून बसते, आणि तिच्याभोवती जखमेतून झिरपणारी लस, घाम, क्षार असे सगळे जमा होते. त्यातले क्लोराइड स्टीलच्या संरक्षक थरावर हळूहळू काम करत राहते. दांडी नीट घासलेली नसेल, तिच्यावर बारीक ओरखडे असतील, किंवा ती ३१६ एल म्हणून खपवलेली हलकी प्रत असेल, तर निकेलचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, अधिक सुटतात. ते जिथे सुटतात तिथेच शरीराची संरक्षक यंत्रणा नव्या गोष्टींची नोंद घेण्यात गुंतलेली असते. एकदा तिने निकेलला शत्रू ठरवले की तो निर्णय सहसा कायमचा असतो. पुढे घड्याळाचा बंद, पँटचे बटण, चष्म्याची काडी अशा कशानेही त्या जागी खाज सुटून पुरळ उठू शकते, आणि त्याचे मूळ कानात होते हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून ‘मला स्टील मानवते, इतकी वर्षे घालते आहे’ हा अनुभव खरा असला, तरी तो भरलेल्या कानाचा अनुभव असतो. भरलेल्या भोकाला आतून पूर्ण त्वचेचे अस्तर आलेले असते. नव्या भोकात ते नसते. जुन्या कानाला जे चालते तेच नव्या कानाला चालेल, हे गृहीतच मला सर्वांत जास्त खटकते. कित्येकांचे कान स्टीलवर सुखरूप भरतात, हे मी नाकारत नाही. पण आपले शरीर निकेलला कसा प्रतिसाद देईल हे आधी कळण्याचा सोपा मार्ग नसताना, आणि निकेल नसलेला धातू उपलब्ध असताना, ती जोखीम ताज्या जखमेवर घ्यायला मला काहीच आधार दिसत नाही.

निकेल ओळखण्यासाठी सांगितली जाणारी चुंबकाची कसोटी मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. चुंबक चिकटले नाही म्हणजे निकेल नाही, असे ठामपणे सांगितले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. पोलादात निकेल पुरेशा प्रमाणात मिसळले की त्याची अंतर्गत स्फटिकरचना बदलते, आणि त्या बदललेल्या रचनेमुळेच ते चुंबकाकडे ओढले जात नाही. ३१६ एलची दांडी चुंबकापाशी धरली तर ती ढिम्म राहील, टायटॅनियमची दांडीही ढिम्म राहील, आणि पाहणाऱ्याला काहीच कळलेले नसेल. त्यापेक्षा डायमिथाइलग्लायॉक्सिमची चाचणी उपयोगी आहे: कापसाच्या बोळ्यावर त्या द्रावणाचे थेंब घेऊन धातूवर काही वेळ घासायचे, आणि कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे असे समजायचे. ही चाचणी फक्त सुटणारे निकेल दाखवते, असलेले नाही. त्यामुळे कोऱ्या, चकचकीत स्टीलवर कापूस पांढराच राहिला म्हणून तो धातू जखमेत आठवडेच्या आठवडे तसाच वागेल, असा अर्थ काढता येत नाही.

आता पाकिटावर काय छापलेले असते त्याकडे वळू. ‘सर्जिकल स्टील’ हे कोणत्याही एका निश्चित प्रतीचे नाव नाही. वेगवेगळ्या रचनेची पोलादे त्या नावाने विकली जातात. ‘हायपोॲलर्जेनिक’ हे विशेषण तर त्याहून सैल आहे, कारण त्याखाली धातूची रचना सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नसते. विचारायचे ते मानकाचे नाव: एफ १३६, किंवा शुद्ध टायटॅनियमसाठी एफ ६७, किंवा आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ ५८३२-३’. चांगल्या उत्पादकाकडे धातूच्या रचनेचे प्रमाणपत्र असते आणि ते दाखवायला तो कचरत नाही. ‘एकदम चांगल्या प्रतीचे आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिथून घेऊ नये.

‘टायटॅनियम’ हा शब्द वाचूनही लगेच निश्चिंत होऊ नये. ‘टायटॅनियम कोटेड’ किंवा ‘टायटॅनियम फिनिश’ असे लिहिलेल्या दागिन्याच्या आत बहुधा स्टीलच असते आणि वर टायटॅनियमच्या एखाद्या संयुगाचा पातळ थर दिलेला असतो. सोनेरी दिसणारी पुष्कळ स्वस्त कानातली अशीच बनतात. अस्सल टायटॅनियमवर निळा, जांभळा, सोनेरी असे रंग येतात ते रंग फासून नव्हे. विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी वाढवली जाते, आणि त्या थरातून परतणारा प्रकाश त्या त्या रंगाचा दिसतो, म्हणून असे रंगीत टायटॅनियम नव्या कानातही चालते. गडद काळा रंग मात्र या पद्धतीने येत नाही. काळीभोर दांडी दिसली की वर काहीतरी चढवलेले आहे असे समजावे आणि ती कान भरल्यानंतरसाठी ठेवावी.

सोन्याचांदीविषयी थोडक्यात. १४ किंवा १८ कॅरटचे भरीव सोने चालते, पण पांढऱ्या सोन्यात निकेल मिसळलेले असू शकते, तेव्हा ते विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि २४ कॅरटचे सोने इतके मऊ असते की त्यावर सहज चरे पडतात. सोन्याचे पाणी दिलेले काहीही नव्या भोकात घालू नये, कारण पाणी उतरल्यावर खालचा धातू थेट जखमेला लागतो. चांदी नव्या कानात घालूच नये: ती काळवंडते, आणि तिचे कण ऊतीत उतरून करडा डाग कायमचा राहू शकतो.

धातू योग्य निवडला आणि घडण चुकली, तरी कान भरत नाही. भिंगाखाली दांडी धरून पाहावी. आटे दांडीच्या बाहेरच्या अंगाला कापलेले असतील, तर घालताना आणि काढताना ती धार नव्या भोकाच्या आतल्या नाजूक अस्तरावरून ओढली जाते. आटे दांडीच्या आत असतील किंवा टोपण दाबून बसणारे असेल, तर बाहेरची बाजू काचेसारखी गुळगुळीत राहते. फुलपाखराच्या आकाराची मागची पकड मला नव्या कानासाठी अजिबात मान्य नाही. तिच्या वळ्यांत लस आणि खपल्या साचतात, ती नीट धुतली जात नाही, आणि सूज आली की ती कानाच्या पाळीत रुतते. मागे सपाट चकती असलेली दांडी घ्यावी, आणि ती सुरुवातीला सूज सामावेल इतकी लांब असावी. पाळीसाठी ०.८ ते १ मिलिमीटर आणि कूर्चेसाठी, म्हणजे कानाच्या वरच्या कडक भागासाठी, साधारण १.२ मिलिमीटर जाडी नेहमीची आहे. सूज उतरल्यावर लांब दांडी बदलून आखूड बसवून घ्यावी, नाहीतर ती केसांत आणि उशीत अडकत राहते.

दागिना बदलण्याची घाई बहुतेकांना नडते. भोक बाहेरच्या दोन्ही तोंडांकडून आत भरत जाते. त्यामुळे बाहेरून कोरडे आणि निरोगी दिसणारे भोक आत अजून कच्चेच असते. पाळी भरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात आणि कूर्चा भरायला ६ महिने ते वर्षभर. तोवर टायटॅनियमची पहिली दांडी काढून आवडीचे स्टीलचे कानातले घालणे म्हणजे टाळलेली जोखीम मागच्या दाराने परत आणणे होय.

ज्यांच्या कानात आधीच स्टील आहे त्यांनी घाबरून ते उपटून काढू नये. काही त्रास नसेल तर कान भरेपर्यंत हात न लावणेच चांगले. धातूपासून दूरवरच्या त्वचेपर्यंत पसरणारी खाज, बारीक पुरळ आणि सतत झिरपणारे पातळ पाणी दिसले, तर निकेलचा संशय घ्यावा आणि कान टोचून देणाऱ्या जाणकाराकडून तिथेच टायटॅनियमची दांडी बदलून घ्यावी. मधल्या वेळात भोक रिकामे ठेवू नये, कारण नवे भोक झपाट्याने बुजते. दुखरी, गरम, वाढत जाणारी सूज, दाट पू किंवा ताप ही मात्र जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. त्यात धातू बदलून काही साधत नाही, डॉक्टरांकडेच जावे लागते, आणि कान कूर्चेत टोचलेला असेल तर त्याच दिवशी जावे, कारण कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो आणि तिथला संसर्ग कानाचा आकार कायमचा बिघडवू शकतो.