पियानो ट्रायो: डावा हात मोकळा झाल्यावर

नव्या दमाच्या जाझ ट्रायोचा, म्हणजे तिघांच्या संचाचा, अल्बम लावला की कान आधी पियानोकडे धावतात. उजव्या हाताची फिरत चटकन दिसते, त्यामुळे कौतुकही तिचंच होतं. पण ट्रायोची पारख करायची तर पियानोवादकाचा डावा हात काय वाजवत नाही आणि त्यामुळे सुटलेली जागा बेस आणि ड्रम्स कशी वापरतात, याकडे कान द्यावा.

पियानो, डबल बेस आणि ड्रम्स ही जुळणी आज गृहीत धरली जाते, पण ती सुरुवातीपासून नव्हती. 1920 च्या दशकातल्या स्ट्राइड शैलीत पियानोवादक एकटाच सगळा वाद्यवृंद सांभाळायचा. डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालचा स्वर द्यायचा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला वर उडी मारून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, वाजवायचा. नॅट किंग कोलनं 1937 मध्ये लॉस एंजेलिसला ट्रायो बांधला तो पियानो, गिटार आणि बेसचा, ड्रम्सशिवाय. ठेक्याचं काम गिटार आणि बेस मिळून करत. 1943 मध्ये आर्ट टेटमनं हीच जुळणी घेतली. ऑस्कर पीटरसनच्या गाजलेल्या ट्रायोतही 1950 च्या दशकात बराच काळ गिटारच होती. तिथं एड थिगपेनचे ड्रम्स आले ते थेट 1959 मध्ये.

आज ऐकू येतो तो साचा 1947 मध्ये पियानोवादक बड पॉवेलनं बेसवर कर्ली रसेल आणि ड्रम्सवर मॅक्स रोच यांच्यासोबत केलेल्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट दिसतो. डावा हात मधूनच दोन-तीन स्वरांचा ठोसा देतो आणि गप्प बसतो. यामागे साधं ध्वनिशास्त्र आहे. बेसची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर बोलते. त्याच पट्ट्यात पियानोनंही कॉर्डचा मूळ स्वर दाबला तर दोघांचा गढूळ गलका होतो आणि बेसची चाल पुसली जाते. म्हणून पुढच्या पिढीनं मूळ स्वर बेसवर सोपवला आणि डाव्या हातात मूळ स्वरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा स्वर ठेवून वर नववा किंवा तेरावा जोडला. हे सगळं मधल्या सप्तकाच्या आसपास.

मोकळीक वाजवायची कशी हे दाखवलं पियानोवादक अहमद जमालनं. जानेवारी 1958 मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात मुद्रित झालेला त्याचा अल्बम शंभराहून अधिक आठवडे विक्रीच्या यादीत होता. तो मात्रांमागून मात्रा पियानो थांबवतो. इस्रायल क्रॉस्बीचा बेस आणि व्हर्नेल फूर्निएचा ठेका गाणं पुढे नेत राहतात. काही समीक्षकांनी याला हॉटेलातलं हलकंफुलकं संगीत ठरवलं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला मात्र त्यातली ताकद नेमकी कळली होती.

मग आला बिल इव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशियन. लाफारो मात्रेला मात्रा जोडत चालत नसे. पियानोच्या ओळीला उत्तर देई, वरच्या स्वरांत शिरे. असं वाजवायला बेसच्या तारा फळीच्या जवळ घ्याव्या लागतात. वेग मिळतो, पण आवाज पडतो. मग ड्रमरलाही हात आवरावा लागतो. मोशियनचे ब्रश (काठीऐवजी वापरायचे तारांचे झुबके) आणि हलके सिंबल (पितळी थाळ्या) या हिशेबात चपखल बसतात. 25 जून 1961 च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यांच्या पाच बैठका मुद्रित झाल्या, त्यातून दोन अल्बम निघाले. त्यानंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला, अवघ्या 25 व्या वर्षी. तिघांच्या बरोबरीच्या संवादाची मोजपट्टी म्हणून आजही याच मुद्रणाकडे बोट दाखवलं जातं.

1983 मध्ये कीथ जॅरेट (पियानो), गॅरी पीकॉक (बेस) आणि जॅक डीजॉनेट (ड्रम्स) यांनी जुनी गाणी याच मोकळेपणानं हाताळली. 1993 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या एस्बयोर्न स्वेन्सन ट्रायोनं आणि पुढे मँचेस्टरच्या गोगो पेंग्विननं सोलोपेक्षा पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या स्वराकृतीवर भर दिला. नवे ट्रायो बहुधा या दोन वाटांच्या मधे कुठंतरी असतात, आणि आधी ते ओळखलेलं बरं. आकृतीवर बांधलेल्या तुकड्यात लांब सोलो शोधत बसलात तर निराशाच पदरी पडेल.

ऐकताना फोनच्या स्पीकरचा नाद सोडा. त्यावर बेसचा तळ उमटतच नाही आणि ट्रायोचा एकल पियानो होतो. हेडफोन लावून पहिल्या फेरीत फक्त बेस धरा. जुन्या धाटणीचं गाणं असेल तर 32 मापांचं आवर्तन मोजा: चार मात्रांच्या मापानं 128 मात्रा, म्हणजे मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत जेमतेम 38 सेकंद. आवर्तनाचा सांधा दर वेळी सिंबलच्या दणक्यानं जाहीर होत असेल, तर तिघांचा एकमेकांवर अजून भरवसा बसलेला नाही असं समजावं. तरुण ट्रायोंचा दुसरा नेहमीचा दोष म्हणजे बेसच्या सोलोतही पियानोची कॉर्ड थांबत नाही. तिसरा दोष वादकांचा नसतोच: मिक्सिंगमध्ये सगळं सारख्या मोठ्या आवाजाला आणलं की ब्रशची कुजबुज आणि काठीचा घाव एकाच उंचीवर येतात, आणि ड्रमरनं मुद्दाम राखलेला फरक नाहीसा होतो.