चॅटबॉटची मराठी

चॅटबॉटची मराठी : कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादयंत्राने लिहिलेली मराठी, आणि ती वाचणाऱ्याला परकी वाटू नये म्हणून तिच्यावर घ्यावी लागणारी मेहनत. भाव, योजना, औषध, अर्ज अशा कामांसाठी लोक आता फोनवर यंत्राला विचारतात. उत्तर बरोबर असते, पण ते कुणी आपल्याशी बोलत आहे असे वाटत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. ही नोंद सांगली जिल्हा समोर ठेवून लिहिली आहे. ऊस, द्राक्ष, हळद, बेदाणा आणि कृष्णेचा पूर यांच्याभोवती इथली रोजची भाषा घट्ट विणलेली आहे, त्यामुळे यंत्राची मराठी कुठे अडखळते ते इथे चटकन दिसते.

पूर्वपीठिका

लेखी संभाषण करून समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता येते का, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडला. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेतले जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा संगणक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढेच त्याला येत होते. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, याचा खुद्द वायझेनबाम यांना धक्का बसला. आजची यंत्रे २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या संगणकीय रचनेवर चालतात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले आणि हा विषय घराघरांत आला. भारत सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांविषयीची योजना २०२२ ची, तर पीएम-किसानच्या लाभार्थ्यांसाठीचा ‘किसान ई-मित्र’ हा चॅटबॉट २०२३ चा.

यंत्राची मराठी ओळखू का येते

२०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. मात्र यंत्र बोलणारी माणसे ऐकून शिकत नाही, लिहिलेल्या मजकुरावर शिकते. इंटरनेटवरचा मराठी मजकूर मुख्यत्वे बातम्यांचा, सरकारी पत्रकांचा, विकिपीडियाचा आणि भाषांतरित पानांचा आहे. बाजार समितीतली, एसटीतली, पारावरची मराठी तिथे फारशी पोचलेलीच नाही. प्रशिक्षणाचा मोठा हिस्सा इंग्रजी असल्यामुळे विचाराचा साचाही तिकडून येतो आणि त्यावर मराठी शब्द चढवले जातात. पुढच्या टप्प्यात माणसे यंत्राच्या उत्तरांना पसंती-नापसंती देतात, त्यावरून यंत्र घडते. इथे लांब आणि नम्र दिसणाऱ्या उत्तराला झुकते माप मिळण्याचा धोका असतो. ‘निःसंकोचपणे विचारा’ ही शेवटची ओळ त्याच वाटेने येते.

याला लिपीची बाजूही आहे. प्रचलित युनिकोड साठवणुकीत रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटमध्ये (संगणकातल्या साठवणुकीचे लहान एकक) मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘दऱ्या’ हा एवढासा शब्द पाच-सहा चिन्हांचा होतो. जुन्या यंत्रांत मराठी शब्दांचे त्यामुळे बारीक तुकडे पडत, आणि तेवढेच सांगायला खर्चही जास्त येई.

खुणा ठरलेल्या आहेत. ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ‘हे लक्षात घेणे गरजेचे आहे’, ‘विविध घटकांवर अवलंबून असते’. कर्मणी वाक्यांची रांग लागते : केले जाते, दिला जातो, मानले जाते. प्रत्येक गोष्ट तिनाच्या जुडीत येते. सर्वनामांची तर गर्दीच असते : ‘तुम्ही तुमच्या शेतात तुमच्या पंपाने फवारणी करू शकता.’ मराठीत क्रियापदच माणूस सांगते, म्हणून बोलताना ‘तुम्ही’ बहुतेक वेळा गळून पडते. ठसा द्यायला आपल्याकडे अव्यये आहेत. ‘औषध सकाळी मारणे अत्यंत महत्त्वाचे आहे’ हे यंत्राचे वाक्य. बागायतदार म्हणतो, ‘औषध सकाळीच मारा.’ एका ‘च’ने काम होते. ‘तर’, ‘की’, ‘मग’, ‘बघा’, ‘तेवढं’ या लहान शब्दांत बोलणाऱ्याचा सूर असतो, आणि यंत्राच्या मराठीत नेमके तेच नसतात.

एक उत्तर, दोनदा

वाळवा तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने विचारले असे धरू : ‘आडसाली लावण हाय, सोळा महिनं झालं, तोड कधी येणार?’

(आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेला, सुमारे दीड वर्षाने तोडीला येणारा ऊस.) न घडवलेले यंत्र साधारण असे लिहिते : ‘नमस्कार! आपला प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे. ऊस पिकाची कापणी ही विविध घटकांवर अवलंबून असते. योग्य वेळी कापणी केल्यास उत्पादन, गुणवत्ता आणि नफा यांत वाढ होते. कृपया आपल्या नजीकच्या साखर कारखान्याशी संपर्क साधावा. अधिक माहिती हवी असल्यास निःसंकोचपणे विचारा!’

यात खोटे काही नाही, पण विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेच उत्तर असे लिहिता येते : ‘तोडीची यादी कारखान्याच्या गट ऑफिसात असते, माझ्याकडे ती नाही. लावणीची नोंद कोणत्या तारखेची आहे तेवढं आधी बघा. तोडीचा नंबर लावताना ती तारीख धरतात. नोंद सापडली नाही तर चिटबॉयला विचारा. आडसालीला सोळा महिने म्हणजे ऊस तोडीला आलाय, तेव्हा गट ऑफिसात आजच जाऊन आलात तर बरं. नोंदीची तारीख सांगितलीत, तर तिथं काय विचारायचं ते लिहून देईन.’

(चिटबॉय म्हणजे उसाच्या नोंदी बघणारा कारखान्याचा माणूस.) दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा लांब आहे, तरी ते जवळचे वाटते. आपल्याकडे काय नाही हे ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. ‘कापणी’च्या जागी ‘तोड’ येते. भात कापतात, ऊस तोडतात, हळद काढतात, भुईमूग उपटतात, कापूस वेचतात. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द चालतो, आणि भाषांतराच्या वाटेने आलेले यंत्र सरसकट ‘कापणी’ म्हणून मोकळे होते. शेतकऱ्याला त्या एका शब्दावरून कळते की समोरच्याने ऊस पाहिलेला नाही. हळदीच्या बाबतीतही तसेच होते. सांगली ही हळदीची जुनी पेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथे हळदीचे ‘सौदे’ होतात. यंत्राने ‘लिलाव प्रक्रिया’ लिहिले तर अर्थ कळतो, पण मार्केट यार्डातल्या अडत्याला ते सरकारी नोटिशीसारखे वाटते. द्राक्षबागेतही ‘बुरशीजन्य रोगाचा प्रादुर्भाव’ कुणी म्हणत नाही. डाऊनी आली, भुरी आली, करपा आला असे म्हणतात. नाव घेऊन बोलले की औषधही नेमके सांगता येते.

संबोधन आणि लिंग

मराठीत बोलायला सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : समोरचा कोण, आपण कोण, आणि दोघांत अंतर किती. इंग्रजीतून घडलेल्या यंत्राला ही सवयच नसते. ‘आपण’ हा शब्द सगळ्यात फसवा. तो अतिआदराचा ‘तुम्ही’ही आहे आणि दोघांना सामावणारा ‘आम्ही’ही. ‘आपण उद्या फवारणी करावी’ आणि ‘आपण उद्या फवारणी करू’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात यंत्र पंप पाठीला लावून येणार असल्यासारखे बोलते. प्रस्तुत लेखकाच्या मते यंत्राने साधे ‘तुम्ही’ धरावे आणि ते शेवटपर्यंत सोडू नये. एखाद्या आजींनी ‘सांग की रं बाळा’ म्हटले तरी उत्तर ‘तुम्ही’नेच द्यावे. नात्याचे शब्द तर अजून नाजूक. अण्णा, आप्पा, तात्या, मामा, मावशी, अक्का, वहिनी हे वय, घर आणि गाव पाहून मिळतात. वय न कळता ‘काका’ म्हणणे तिशीतल्या माणसाला खुपते. कुणाची ओळख नसताना ‘ताई’ म्हणणे सरकारी शिबिरातल्या भाषणासारखे होते. समोरच्याने स्वतःच ‘मी मावशी बोलतेय’ म्हटले, तर गोष्ट वेगळी.

यंत्राला स्वतःचे लिंगही टाळता येत नाही. ‘मी सांगतो’ की ‘मी सांगते’? यावर मराठीतच वाटा आहेत आणि त्या वापरणे हे कसबाचे काम आहे. भविष्यकाळात प्रथमपुरुषी एकवचनाला लिंग नाही : सांगेन, बघेन, लिहून देईन. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघते : ‘मी यादी पाहिली’ हे वाक्य कुणीही म्हणू शकते. ‘सांगू का?’, ‘असं करता येईल’, ‘माझ्याकडे ही माहिती नाही’ यांतही लिंग डोकावत नाही. वरच्या नमुन्यात ‘लिहून देईन’ मुद्दाम वापरले आहे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुण्यात ऐकणाऱ्याला मात्र ते वेगळे वाटते. म्हणून ‘सांगतो’ हे रूप सगळीकडे सारखे ऐकले जाईल असे धरून चालता येत नाही.

बोली किती

यंत्र आपुलकीचे वाटावे म्हणून त्याला थेट गावची बोली बोलायला लावण्याचा मोह होतो. ‘काय करालाईसा’, ‘लई भारी’, ‘न्हाय वो’ असे शब्द पेरले की काम झाले, असे वाटते. तसे होत नाही. जतची मराठी कानडीच्या शेजारात वाढली, शिराळ्याची डोंगराकडची, मिरज शहराची आणखी वेगळी. यंत्र या सगळ्यांची सरमिसळ करते आणि मालिकेतल्या गावरान पात्रासारखे बोलू लागते. ज्याची ती रोजची भाषा आहे त्याला ती आपली टिंगल वाटते, आणि ती वाटणे रास्त आहे. बोली ही नात्यातून येते. नाते नसताना उसनी घेतलेली बोली ऐकणाऱ्याला ताबडतोब कळते.

यंत्राला बोली समजली मात्र पाहिजेच. ‘पानी कवा सोडत्यात?’ हे रोमन अक्षरांत, वेडेवाकडे टाइप होऊन आले तरी ते टेंभू किंवा ताकारी सिंचन योजनेच्या आवर्तनाबद्दल, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीबद्दल असू शकते, हे त्याला कळायला हवे. उत्तर साध्या मराठीत द्यावे आणि त्यात कामाचे शब्द गावचे ठेवावेत : लावण, खोडवा (तोडीनंतर बुंध्यातून फुटणारा ऊस), तोड, सौदे, आवर्तन. ‘केले’ की ‘केलं’ हा प्रश्नही इथेच येतो. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी पात्राच्या तोंडी बोलीतला उच्चार लिहायला मुभा दिली आहे. चॅटबॉटचे उत्तर हे बोलणेच आहे, तेव्हा तिथे ‘केलं’, ‘सांगितलं’ शोभते. अर्ज किंवा पत्र लिहून द्यायचे असेल तिथे ‘केले’.

सांगलीला हा प्रश्न नवा नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथे मराठी रंगभूमीचा पाया घातला, आणि पुढे जवळच्याच हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकांत घरात बोलतात तशी मराठी रंगमंचावर आली. त्यांची पात्रे सहज वाटतात, कारण प्रत्येकाला आपण कुणाशी बोलतो आहोत हे ठाऊक असते.

घडवण्याच्या रीती

चॅटबॉट चालवणारे त्याला आधी एक कायमची सूचना देतात : तू कोण, कुणाशी बोलतोस, कसे बोलायचे. ‘मैत्रीपूर्ण बोल’ एवढेच लिहिले तर उद्गारचिन्हे आणि इमोजी वाढतात, दुसरे काही बदलत नाही. अमुक शब्द वापरू नकोस अशी यादी देण्याचाही मर्यादित उपयोग आहे. ‘महत्त्वपूर्ण’ बंद केले की ‘मोलाची’ येते. त्यापेक्षा खरे प्रश्न आणि त्यांची माणसाने लिहिलेली पाच-सहा चांगली उत्तरे सूचनेतच घालणे फार गुणकारी ठरते. यंत्र उपदेशापेक्षा नमुन्यावरून जास्त शिकते. शब्दनिवडीतला मोकळेपणा कमी-जास्त करणारी ‘टेंपरेचर’ नावाची खुंटी असते. ती पिळून भाषा आपुलकीची होत नाही, फक्त अनपेक्षित होते. मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर स्थानिक मजकुरावर यंत्राला पुन्हा प्रशिक्षण देतात.

तपासायला भाषातज्ज्ञ हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. गट ऑफिसातला चिटबॉय, यार्डातला अडत्या, गावातली आशाताई यांना उत्तर मोठ्याने वाचायला द्यावे. वाचताना त्यांची जीभ जिथे अडते किंवा ते आपसूक शब्द बदलून वाचतात, तिथेच दुरुस्ती करायची असते. याहून भरवशाची दुसरी कसोटी प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

आपुलकीची हद्द

यंत्र जितके माणसासारखे बोलेल तितके ते माणूस असल्याचा भास वाढतो; एलायझाने हे १९६६ मध्येच दाखवले. म्हणून आपण यंत्र आहोत हे त्याने लपवू नये. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यातही समोर यंत्र आहे हे माणसाला कळले पाहिजे अशी तरतूद आहे. ‘माझ्या मळ्यातही असंच झालं होतं’ असे वाक्य यंत्राच्या तोंडी कितीही गोड वाटले तरी ते खोटे आहे. औषधाची मात्रा, कर्जाचा हप्ता, रुग्णाचा ताप अशा विषयांत जिव्हाळा मोजका असावा आणि आकडा ठळक.

याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कोयनेतून विसर्ग वाढला की अख्खी सांगली एकच प्रश्न विचारते : ‘आयर्विनला किती फूट?’ सांगलीतल्या या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोडला राहणाऱ्या माणसाला रात्री अकराला ‘काळजी करू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत’ हे नको असते, आणि ‘नागरिकांनी सतर्क राहणे महत्त्वाचे आहे’ हेही नको असते. त्याला हवे असते ते असे : आयर्विनला किती फूट, ही नोंद किती वाजताची, त्याआधीच्या नोंदीपेक्षा पाणी चढते आहे की उतरते, आणि कोयनेतून किती क्युसेक सुटले आहे. यंत्राकडे ताजी नोंद नसेल तर त्याने तसे पहिल्याच ओळीत सांगावे आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन करायला लावावे. ‘घर सोडू का?’ असे कुणी विचारले, तर ‘पाणी चढतंय, प्रशासनाने सांगितलं असेल तर लगेच निघा, म्हातारी माणसं, औषधं आणि कागदपत्रं आधी’ एवढे पुरते. आणि वेळ लिहायला विसरू नये. पुरात सहा तासांपूर्वीचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा.