इंटरग्रुप डायलॉग

इंटरग्रुप डायलॉग, मराठीत आंतरगट संवाद म्हणता येईल, म्हणजे वेगवेगळ्या समाजगटांतल्या कॉलेजच्या मुलामुलींनी एका छोट्या गटात आठवड्यामागून आठवडे समोरासमोर बसून वंश, लिंग, धर्म, आर्थिक वर्ग असल्या विषयांवर बोलणं. ही पद्धत अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटींमधे रुजली. बऱ्याच ठिकाणी हा क्रेडिट मिळणारा कोर्स असतो, म्हणजे वाचन असतं, लिहून द्यायचं असतं, हजेरीही लागते.

सुरुवात मिशिगन युनिव्हर्सिटीत झाली. १९८७ च्या सुरुवातीला तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांविरुद्ध पत्रकं वाटली गेली, कॅम्पस रेडिओवरून वर्णद्वेषी विनोद ऐकवले गेले, मग विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन केलं आणि त्याच धगीत १९८८ मधे प्रोग्रॅम ऑन इंटरग्रुप रिलेशन्स सुरू झाला. वेगवेगळी मुलं एका कॅम्पसवर आणून सोडली की ती आपोआप मिसळतात हा समज तिथे पार खोटा ठरला होता, आणि माझ्या मते या पद्धतीचं मूळ तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मधेच म्हटलं होतं की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत, त्यासाठी दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या संवादातून शिकण्याच्या विचाराचाही यावर बराच प्रभाव आहे.

गट साधारण १२ ते १६ जणांचा, आणि शक्यतो निम्मे एका समाजगटातले, निम्मे दुसऱ्या समाजगटातले. हे निम्मेनिम्मे फार महत्त्वाचं, कारण एरवी वर्गात एखाददुसराच कृष्णवर्णीय विद्यार्थी असतो आणि विषय निघाला की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात, इथे तसं होत नाही. फॅसिलिटेटर, म्हणजे बोलणं पुढे नेणारे, तेही दोन, दोन्ही बाजूंचा एकेक, आणि मिशिगनमधे ते प्रोफेसर नसतात, आधी ट्रेनिंग घेतलेले विद्यार्थीच असतात.

पहिल्या टप्प्यात ओळखी आणि बोलण्याचे नियम. डिबेट आणि डायलॉग यातला फरक इथेच शिकवतात, डिबेटमधे समोरच्याच्या बोलण्यातली चूक शोधायची असते, डायलॉगमधे तो असं का म्हणतोय ते शोधायचं. दुसऱ्या टप्प्यात स्वतःचे अनुभव, तिसऱ्यात वादाचे मुद्दे आणि शेवटी पुढे मिळून काय करायचं.

यातला फिशबोल हा प्रकार जरा सविस्तर सांगायला हवा. एका गटाची मुलं आत गोल करून बसतात, दुसरा गट त्यांच्याभोवती बाहेरून, आतले एकमेकांशी बोलतात आणि बाहेरच्यांनी फक्त ऐकायचं, मधे काही विचारायचं नाही, स्वतःची बाजू सांगायची नाही, कितीही वाटलं तरी. मग जागा बदलायच्या. समजा आत मुली रात्री एकटं घरी जाताना काय काय काळजी घेतात ते बोलतायत, तर बाहेरच्या मुलाला "सगळे तसे नसतात" म्हणायची सोयच नसते, त्यामुळे ते वाक्य तोंडात येऊन थांबतं आणि ऐकणं सुरू होतं.

मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गुरिन आणि सहकाऱ्यांनी ९ युनिव्हर्सिटींमधे याचा अभ्यास केला, वंश आणि लिंग या विषयांवरचे मिळून ५२ समांतर प्रयोग. ज्यांनी अर्ज केले त्यांच्यातूनच चिठ्ठ्या टाकल्यासारखे काहींना कोर्समधे घेतलं, काहींना तुलनेसाठी बाहेर ठेवलं, त्यामुळे "ही मुलं आधीच समंजस होती" हा आक्षेप टिकत नाही. कोर्स केलेल्यांना विषमतेमागची व्यवस्था जास्त उमगली, दुसऱ्या गटाबद्दल सहानुभूती वाढली, आणि वर्षभरानंतरही परिणाम दिसत होता.

टीकाही होते. बोलून कायदे किंवा प्रवेशाचे नियम बदलत नाहीत हे खरंच आहे, खुद्द मिशिगन राज्याने २००६ मधे मतदानाने सरकारी युनिव्हर्सिटींच्या प्रवेशात वंश आणि लिंगावरून प्राधान्य द्यायला बंदी घातली. पण मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप, की ज्यांनी सोसलंय त्यांनीच आपली जखम उघडी करायची आणि बाकीच्यांनी त्यावरून शिकायचं. यावर उपाय म्हणून बऱ्याच कोर्सेसमधे कॉकस घेतात, म्हणजे दोन्ही गट काही वेळ वेगळे बसतात, आपापल्या माणसांत मोकळं बोलतात आणि परत एकत्र आल्यावर त्यातलं किती सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.