इंजिन निवतं, चालवणारा तापतो

एप्रिलच्या दुपारी भर रस्त्यात सिग्नल लागला की बाईकवाल्याला खालून धग लागायला सुरुवात होते. गाडी पळत होती तोवर काही जाणवत नव्हतं. थांबल्यावर मिनिटभरात पोटऱ्या पोळू लागतात, रेडिएटरचा पंखा घोंघावतो आणि गरम हवेचा झोत थेट नडगीवर येतो. गाडी नवी असेल तर माणूस दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठतो आणि म्हणतो, "इंजिन फार गरम होतंय, बघा जरा."

बहुतेक वेळा बघण्यासारखं काही नसतं. आपल्या पायाला लागते ती इंजिनातून बाहेर पडलेली उष्णता. ती बाहेर पडतेय म्हणजे इंजिन आपलं काम नीट करतंय. खरी काळजी करायची ती उष्णता बाहेर न पडता आतच साठते तेव्हा. इंजिनाचं निवणं आणि आपलं तापणं या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, आणि मोटरसायकलची रचनाच अशी की या उष्णतेच्या वाटेतच आपण बसलेलो असतो. मोटारीत मध्ये पत्रा असतो, बॉनेट असतं. इथे इंजिन दोन गुडघ्यांच्या मध्ये.

मुळात उष्णता किती, ते आधी पाहू. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. समजा, ३५०सीसीची गाडी ताशी ७० किलोमीटरने चालली आहे आणि लिटरला ३५ किलोमीटर देते. म्हणजे तासाला दोन लिटर पेट्रोल, ६४ मेगाज्यूल, म्हणजेच जवळजवळ १८ किलोवॉट. यातला फार तर पाव ते एक तृतीयांश भाग चाकापर्यंत पोचतो. बाकी सगळी नुसती उष्णता: काही सायलेन्सरवाटे, काही इंजिनाच्या धातूच्या अंगावरून (ब्लॉक-हेडवरून), काही ऑइलमधून. पाव भाग चाकाला गेला असं धरलं तरी १३ किलोवॉटच्या वर उष्णता उरते. बाथरूममधला गिझर दोन किलोवॉटचा असतो. असे सहा-साडेसहा गिझर आपण मांड्यांमध्ये धरून हायवेने निघालेलो असतो.

आता तीच गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी आहे. तासाला पाव लिटर पेट्रोल जळतंय असं धरू, म्हणजे साधारण दोन किलोवॉट. साडेसहा गिझरांचा एक गिझर झाला, तरी चटके याच एकाचे बसतात. कारण उष्णता कमी झाली, पण ती वाहून नेणारा वारा त्याहून जास्त कमी झाला. ताशी ६० किलोमीटरला इंजिनावरून सेकंदाला जवळपास १७ मीटर वारा वाहतो. थांबल्यावर उरते ती गरम होऊन आपोआप वर चढणारी हवा, आणि वर बसलेलो असतो आपण. बाईकला खरा त्रास वेगाचा नसतो, थांबण्याचा असतो. गाडीला सगळ्यात जास्त तापवतो तो घाटातला ट्रॅफिक जॅम: चढ असल्याने इंजिनावर भार, वेग पायी चालण्याइतका, आणि हाफ क्लचवर घासणाऱ्या क्लच प्लेटांची उष्णता वरून.

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मग अॅल्युमिनियम मिश्रधातूचा पिस्टन वितळत कसा नाही? एक तर हा भडका क्षणाचाही छोटा अंश टिकतो आणि लगेच ताजी थंड हवा आत येते. दुसरं, धातूला लागून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो, तो ढालीचं काम करतो. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पिस्टनला मिळालेली उष्णता त्याच्याभोवतीच्या रिंगांतून सिलिंडरच्या भिंतीला आणि खालून ऑइलला सतत दिली जाते. ही साखळी कुठेही तुटली की पिस्टन फुगतो आणि जाम होतो. मॅकॅनिक त्याला 'इंजिन सीज झालं' म्हणतो.

भिंतीपासून पुढे उष्णता न्यायची सर्वांत जुनी आणि मला आजही सर्वांत देखणी वाटणारी युक्ती म्हणजे फिन्स. ब्लॉकवरच्या त्या पातळ पट्ट्या म्हणजे नुसतं वाढवलेलं क्षेत्रफळ. हवा धातूकडून उष्णता फार कंजूषपणे घेते, म्हणून तिला जास्तीत जास्त धातू दाखवायचा. एखादी जुनी एअर-कूल्ड, म्हणजे नुसत्या वाऱ्याने निवणारी, गाडी जवळून पाहिलीत तर फिन मुळाशी जाड आणि टोकाला पातळ दिसेल. मुळातून सगळी उष्णता जायची असते, टोकापर्यंत थोडीच उरते. दोन फिन्समधली फट फार अरुंद केली तर हवा आत शिरत नाही, आणि त्या फटीत चिखल वाळून बसला की सगळी मेहनत वाया जाते. पावसाळा संपल्यावर एकदा ब्रश घेऊन त्या फटी साफ करायला अर्धा तास लागतो. तो जरूर द्यावा. क्रॅश गार्डला रेक्झिन बांधून समोरचा वारा अडवणारेही खूप आहेत. थंडीत ते ठीक, पण मार्चनंतर काढायला हवं.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वारा मिळायला हवा, या एका गोष्टीने मोटरसायकलींची रूपं ठरवली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर बीएमडब्ल्यूने बनवलेलं आडवं दोन सिलिंडरचं इंजिन सुरुवातीला एकामागे एक सिलिंडर येतील असं बसवलं जाई. पुढचा सिलिंडर वारा खायचा आणि मागचा त्याच्या आडोशाला तापत राहायचा. कंपनीचे इंजिनिअर मॅक्स फ्रिट्झ यांनी ते फिरवून दोन्ही सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूला वाऱ्यात काढले आणि १९२३ साली आर३२ ही गाडी आली. बीएमडब्ल्यूच्या 'बॉक्सर' (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरच्या) गाड्यांची ती ठेवण आज शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. त्याच काळात म्युनिकमध्येच मेगोला नावाची गाडी बनत होती. तिचं पाच सिलिंडरचं इंजिन पुढच्या चाकातच बसवलेलं होतं आणि सिलिंडर स्वतःच गरगर फिरत असल्याने वारा आपोआप मिळे. क्लच नसल्यामुळे गाडी थांबवायची तर इंजिन बंदच करावं लागे, हा वेगळा प्रश्न.

आता लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रवाने इंजिन निववणं. भारतात रोजच्या वापराच्या गाड्यांत ते गेल्या दीड-दोन दशकांत रुळलं. पल्सर २००एनएस २०१२ साली आली, चाकणला बनणारी केटीएमची ३९० ड्यूक २०१३ साली, आणि रॉयल एनफिल्डने २०२३च्या हिमालयनमध्ये पहिल्यांदा लिक्विड-कूल्ड इंजिन दिलं. इथे कूलंट नावाचा द्रव ब्लॉकमधल्या पोकळ्यांतून फिरतो, उष्णता उचलतो आणि रेडिएटरच्या जाळीत टाकतो. कूलंटमध्ये पाण्यासोबत इथिलीन ग्लायकॉल असतं आणि रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून ते १०० अंशांना उकळत नाही. (म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटला की आतलं कूलंट तत्क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.)

इंजिनासाठी ही व्यवस्था उत्तम. चालवणाऱ्यासाठी मात्र एक गोष्ट बदलली. एअर-कूल्ड गाडीत उष्णता चहूबाजूंनी पसरते. लिक्विड-कूल्डमध्ये ती एका जाळीपाशी गोळा होते आणि पंखा तिला मागे ढकलतो. मागे म्हणजे आपल्या पायांवर. म्हणून जास्त चांगलं कूलिंग असलेली गाडी पायाला जास्त गरम लागते, यात विसंगती काहीच नाही. चांगला डिझायनर रेडिएटरच्या कडेला प्लॅस्टिकचे आडोसे देऊन तो झोत खाली किंवा बाहेर वळवतो. ज्याने ते केलं नाही, त्याच्या गाडीत ते सिग्नलला लगेच कळतं.

झोताशिवाय नुसत्या प्रारणानेही, म्हणजे उन्हासारखी किरणांनी येणाऱ्या उष्णतेनेही, धग लागते. १०० अंशांचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, भर दुपारचं ऊनही जवळपास तितकंच देतं. म्हणजे वरून एक सूर्य आणि खालून दुसरा. चकचकीत क्रोम असेल तर हेच प्रारण खूप कमी होतं. सायलेन्सरवर क्रोमचं वेगळं कवच बसवतात त्याचा फायदा दिसण्यापलीकडेही आहे.

धुराच्या प्रदूषणाचे बीएस६ नियम आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर, गाड्या जास्त तापतात असं सर्रास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. धुरातले विषारी वायू नष्ट करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय कामच करत नाही. तो लवकर तापावा म्हणून इंजिनाच्या जवळ बसवतात, बऱ्याचदा नेमका पायाजवळ. शिवाय पूर्वी कार्ब्युरेटर थोडं जास्त पेट्रोल सोडायचा, त्या जादा पेट्रोलच्या वाफेने इंजिन थोडं निवायचं. आता हवा-पेट्रोलचं प्रमाण काटेकोर असतं. शहराच्या हवेसाठी हा सौदा मला पूर्ण मान्य आहे, पण त्याची किंमत पोटरी मोजते हे कंपन्यांनी ग्राहकाला सरळ सांगायला हवं.

मोठ्या गाड्यांमध्ये यावर एक छान उपाय आला आहे. हार्लेच्या काही गाड्या आणि डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही४ उभ्या असताना मागचे सिलिंडर पेटवणंच थांबवतात. चालवणाऱ्याच्या मांडीजवळचे तेच.

फ्रेमचंही पाहू. इंजिन फ्रेमला बोल्टने घट्ट जोडलेलं असतं, त्यामुळे उष्णता धातूतून सरळ चढते, आणि रेडिएटरची गरम हवाही फ्रेमवरूनच जाते. अॅल्युमिनियमचे मिश्रधातू पोलादाच्या तिपटीने किंवा त्याहून जास्त उष्णता वाहून नेतात. म्हणून टाकीखालून दोन्ही बाजूंनी जाणारी जाड अॅल्युमिनियमची फ्रेम मांडीला लवकर पोळते. सत्तरच्या दशकातल्या काही ट्रायम्फ आणि बीएसए गाड्यांत तर इंजिनाचं ऑइलच फ्रेमच्या नळीत साठवलं जाई.

१९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोजलं. ४४ अंशांना सहा तास, ४९ अंशांना दहा मिनिटांच्या आसपास, ६० अंशांना काही सेकंद, ७० अंशांना जेमतेम एक सेकंद. म्हणजे हाताला नुसती 'कोमट' वाटणारी फ्रेमसुद्धा तासन्‌तास उघड्या कातडीला टेकून राहिली तर इजा करू शकते. हाफ पँटवर लांबचा प्रवास का करू नये, याचं उत्तर इथे आहे. जाड जीन्समध्ये अडकलेला हवेचा थर हेच तापमान बरंच खाली आणतो. सायलेन्सरचा प्रश्न वेगळा, तिथे वेळच मिळत नाही. तो बहुतेक गाड्यांत उजवीकडे असतो, म्हणून मागे बसणाऱ्याने, विशेषतः लहान मुलांनी, नेहमी डावीकडून उतरावं. पार्किंगमध्ये चिकटून लावलेल्या गाड्यांमधून वाट काढताना शेजारच्या गाडीचा चटका हमखास बसतो. बसलाच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरावं. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट तर नकोच.

आपलं शरीरही एक इंजिनच आहे आणि तेही निववावं लागतं. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा आपल्याला निववतो. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा ४४च्या पुढे गेला की तोच वारा आपल्याला तापवू लागतो, आणि वेग वाढवला तर आणखी. तिथे एकच वाट उरते, घामाची. एक लिटर घाम वाळताना अंगातून सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातो. पण उघड्या अंगावर तो इतका झपाट्याने उडतो की तहान कळायच्या आत शरीर कोरडं पडतं. विदर्भातली माणसं डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघतात ते भौतिकशास्त्राला धरूनच आहे: गरम वारा कातडीपर्यंत येत नाही आणि ओलावा सावकाश सुटतो. लांबच्या प्रवासात आतला टी-शर्ट भिजवून वर पूर्ण बाह्यांचं जॅकेट घातलं तर हाच परिणाम तास-दीड तास मिळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे चालत नाही. तिथे पारा ३४लाच असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही. तिथे जाळीदार जॅकेट घालावं आणि वारा अंगावर घ्यावा.

गाडीच्या बाबतीत करण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते उपयोगी आहे. सिग्नल अर्ध्या मिनिटाहून मोठा दिसला की इंजिन बंद करावं. जॅममध्ये हाफ क्लचवर रेंगाळण्यापेक्षा पुढे जागा होऊ द्यावी आणि मग क्लच पूर्ण सोडून जावं. ऑइल जास्त तापलं की झपाट्याने खराब होतं, दर दहा अंशांना त्याचं ऑक्सिडेशन साधारण दुप्पट होतं. तेव्हा रोज जॅममधून जाणाऱ्याने ते मुदतीच्या थोडं आधीच बदलावं, आणि ग्रेड पुस्तिकेत लिहिलेलीच घालावी. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, अचानक आकसल्याने धातूला तडा जाऊ शकतो. एक्झॉस्टला पट्टी गुंडाळली तर पायाला बरं वाटतं, पण तिच्यात पावसाचं पाणी मुरतं आणि पट्टीखालची नळी गंजते; कोकणात तर हा उद्योग करूच नये.

आणि नवी गाडी घेणार असाल तर शोरूमवाल्याने सकाळी रिकाम्या रस्त्यावर दिलेल्या टेस्ट राईडवर समाधान मानू नका. दुपारी दोनला मागा, गर्दीतून न्या, आणि पंखा सुरू होईपर्यंत गाडी उभी ठेवून पायाला काय लागतं ते पाहा.