कागदी नॅपकिनचे डेकूपाज (जुन्या गृहवस्तूंसाठी)

छापील कागदी नॅपकिनचा फक्त चित्राचा पदर सुटा करायचा, तो जुन्या वस्तूवर चिकटवायचा आणि वरून पारदर्शक वॉर्निशचे हात देऊन पक्का करायचा, ही डेकूपाज कलेची (कागदी चित्रे वस्तूवर चिकटवून वर वॉर्निश देण्याच्या कलेची) एक सोपी व स्वस्त शाखा आहे. पदर इतका तलम असतो की नीट बसल्यावर कडेवरून बोट फिरवले तरी कागद हाताला लागत नाही. चित्र ब्रशने काढलेले वाटते. पत्र्याची ट्रंक, चौरंग, पाट, फळी, आरशाची चौकट, तेलाचा पिपा, बांबूचे टोपले, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल अशा विदर्भात गावाकडच्या घरांत हमखास सापडणाऱ्या वस्तूंना ती चांगली लागू पडते. काम टिकते की सोलून निघते, हे मात्र कागदापेक्षा त्याच्या खालच्या पृष्ठभागावर आणि ते कोणत्या ऋतूत केले यावर ठरते.

पूर्वपीठिका : सतराव्या-अठराव्या शतकांत चीन आणि जपानकडून युरोपात येणारे लॅकरकामाचे (चकचकीत रोगण चढवलेले) फर्निचर फार महाग पडे. व्हेनिसच्या कारागिरांनी त्याची स्वस्त नक्कल म्हणून छापील चित्रे कापून, रंगवून लाकडावर चिकटवायला आणि वर वॉर्निशचे थर द्यायला सुरुवात केली. हा प्रकार ‘लाक्का पोव्हेरा’ (गरिबाचे लॅकर) या नावाने ओळखला जातो. इटलीतल्या बस्सानो गावच्या रेमोंदिनी मुद्रणालयाने अशा कामासाठी चित्रांचे ताव छापून पुरवले. जाड कागदाची कड बुडवायची तर वॉर्निशचे वीस-तीस हात द्यावे लागत. नॅपकिनच्या पदराला जाडीच जवळपास नसल्याने तीन हातांत भागते, आणि घरगुती कामात तो रुळला याचे मोठे कारण हेच.

नॅपकिन : नेहमीचा आकार ३३ × ३३ सेंमी, लहान २५ × २५ सेंमी. तीन पदरी घ्यावा. त्यात चित्र फक्त वरच्या पदरावर असते, खालचे दोन कोरे. छापील नॅपकिन नागपूरला इतवारी-सीताबर्डीच्या बाजारात पार्टीचे सामान विकणाऱ्या दुकानांत शोधावेत किंवा ऑनलाइन मागवावेत. तालुक्याच्या गावी बहुधा हॉटेलात ठेवतात तसले पांढरेच मिळतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुटी फुले-पाने-पक्षी असलेला नॅपकिन नवशिक्याला सर्वांत सोयीचा. गडद, भरगच्च छपाईच्या नॅपकिनची प्रत्येक चूक उघडी पडते.

पदर सोडवताना आधी चारही बाजूंची दाबून नक्षी काढलेली कड कात्रीने उडवावी, कारण तिथेच तिन्ही पदर एकमेकांत दाबलेले असतात. मग कोपरा बोटांत चोळला की पदर उलगडतात. दुसरा पदर चुकून मागे राहणे ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे. गोंद दोन पदरांच्या मधपर्यंत पोचत नाही, चित्र वाळताना ठीक दिसते आणि महिनाभरात वरचा पदर एकटाच पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून सुटा केलेला पदर उजेडासमोर धरून पाहावा. पलीकडची बोटे स्पष्ट दिसली पाहिजेत.

चित्र कात्रीने कापण्यापेक्षा फाडणे चांगले. चित्राभोवती ओल्या ब्रशने रेघ ओढून हलक्या हाताने ओढले की कागद त्याच रेघेवर फाटतो आणि त्याची विस्कटलेली कड खालच्या पांढऱ्या रंगाच्या थरात, म्हणजे पायात, मिसळून जाते. कात्रीची सरळ कड वॉर्निशनंतरही ओळखू येते.

पृष्ठभागाची तयारी : निम्मी मेहनत इथेच आहे. चुलीच्या घरातल्या फळीवर, डब्यावर धूर आणि फोडणीच्या तेलाचा मिळून एक चिवट चिकटा बसलेला असतो. नुसत्या ओल्या फडक्याने तो निघत नाही, आणि त्यावर लावलेले काहीच टिकत नाही. १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून घासावे, दोनदा साध्या पाण्याने धुवावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे. पाणी ओतल्यावर ते थेंबाथेंबाने न साचता सपाट पसरले, म्हणजे चिकटा गेला.

पत्र्याच्या ट्रंकेचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा, मग १२० नंबर फिरवावा. उघड्या लोखंडावर पाण्याचा गोंद लागला की एका रात्रीत तांबूस ठिपके कागदातून वर येतात. म्हणून रेड ऑक्साइड किंवा झिंक क्रोमेट मेटल प्रायमरचा एक हात देऊन रात्रभर वाळू द्यावे. जुना ऑइल पेंट घट्ट असेल तर खरवडायची गरज नाही, पण २२० नंबरच्या पेपरने त्याची चकाकी पूर्ण मारावी. चकचकीत ऑइल पेंटवर गोंदाची पकड बसत नाही. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली ट्रंक असेल तर रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. पॉलिश पेपर ओला करून घासावे, तोंडाला मास्क लावावा, लहान मुले जवळ नसावीत आणि पुसलेला लगदा अंगणात न टाकता पिशवीत बांधून टाकावा.

सागवानाची अडचण वेगळी. त्यातले तेल आणि टॅनिन (लाकडातला तुरट, रंग सोडणारा अंश) पाण्याच्या पांढऱ्या रंगातून पिवळे-तपकिरी डाग होऊन वर येते. तीन हात दिले तरी येते. उपाय चपडीचा. १ लिटर स्पिरिटमध्ये १०० ते १२० ग्रॅम चपडी रात्रभर विरघळवून गाळावी आणि लाकडाला तिचे दोन पातळ हात द्यावेत. चपडी लाखेपासून बनते, आणि ती लाख गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पळसावर येते. डाग अडवायला यासारखी दुसरी वस्तू नाही. कोरीवकाम असलेल्या सागवानी चौकटी आणि पितळ-तांब्याची भांडी या कलेसाठी वापरूच नयेत. त्यांचे मोल उघड्या अंगात आहे, ते झाकले जाऊ नये.

शेवटी पांढरा पाया. वस्तू कोणतीही असो, पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या इमल्शनचे दोन हात लागतात. रेड ऑक्साइडवर तीन. नॅपकिन ओला झाला की पारदर्शक होतो आणि वाळल्यावरही गोंद त्याला तसाच ठेवतो, त्यामुळे खालचा रंग चित्रातून जसाच्या तसा दिसतो. वस्तू गडद हवी असेल तर चित्र बसायचे तेवढाच भाग पांढरा ठेवून बाकीचे नंतर रंगवावे.

चिकटवणे : पांढरा सिंथेटिक फेविकॉल दोन भाग आणि पाणी एक भाग, असे घट्ट ताकाइतके मिश्रण करावे. ट्रंकेच्या १२ × १८ इंची झाकणाला दोन हातांचे मिळून ३० मिलीच्या आसपास पुरते. गोंद नेहमी वस्तूला लावावा, नॅपकिनला नाही. ओला पदर उचलता येत नाही. एक इंची मऊ चपट्या ब्रशने पातळ हात द्यावा, चित्र मध्यावर टेकवावे आणि मध्याकडून कडेकडे नेत बसवावे. त्यावर पातळ पॉलिथिन पसरून तळहाताने दाबले तर कागद न फाटता हवा बाहेर पडते. पॉलिथिन एका कोपऱ्यातून, जवळजवळ आडवे धरून सोलावे. वरून गोंदाचा दुसरा हात पूर्ण वाळल्यावरच द्यावा. ओल्या कागदावर ब्रश दुसऱ्यांदा फिरला की कागद गुंडाळला जातो.

मोठ्या सपाट भागाला इस्त्रीची पद्धत जास्त भरवशाची आहे. पायावर गोंदाचे दोन हात देऊन ते पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यावेत. मग कोरडा नॅपकिन पसरून वर बटर पेपर ठेवावा आणि वाफेविना, रेशमाच्या खुणेवर ठेवलेली इस्त्री प्रत्येक ठिकाणी सुमारे १० सेकंद दाबावी. उष्णतेने वाळलेला गोंद पुन्हा मऊ होतो आणि कागद धरून घेतो. कागद ओला होतच नसल्याने चुण्याही पडत नाहीत. विजेची इस्त्री नसेल तर कोळशाचीही चालते, फक्त तिचा ताव आधी रद्दीवर पाहून घ्यावा.

मैद्याची खळ स्वस्त असली तरी वापरू नये. कसर आणि झुरळे तिच्यावर तुटून पडतात, आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरते. पुस्तकबांधणीत खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. पण मोरचूद विषारी आहे, मुलांचे हात लागणाऱ्या वस्तूवर ते नको.

वॉर्निश आणि हवामान : गोंद किमान २४ तास वाळल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचे तीन हात द्यावेत, दोन हातांत चार तासांचे अंतर. पहिल्या हातानंतर ४०० नंबरचा पेपर अगदी हलका फिरवला तर बारीक चुण्या बसतात. तेलाधारित वॉर्निश जास्त चिवट असते, पण ते पिवळे पडत जाते आणि पांढरी पार्श्वभूमी जुनाट दिसू लागते. कुठलेही वॉर्निश आधी नॅपकिनच्या एका तुकड्यावर लावून शाई फुटत नाही ना, हे पाहावे.

विदर्भात हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर करावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गोंद कागद टेकवायच्या आतच सुकतो. उन्हाळ्यात करायचेच असेल तर पहाटे, सावलीत आणि गोंद-पाणी सम प्रमाणात घेऊन करावे. इस्त्रीच्या वेळी उपयोगी पडलेला गुण इथे उलटतो. टिनाच्या छपराखाली तापलेल्या खोलीत गोंद मऊ राहतो आणि एकावर एक ठेवलेल्या दोन वस्तू चित्रासकट एकमेकींना चिकटतात. म्हणून वॉर्निशनंतर दोन-तीन आठवडे वस्तू सुटी, हवेशीर ठेवावी. ट्रंकेवर गाद्यांची घडी त्यानंतरच रचावी. पावसाळ्यातली तक्रार वेगळी असते. गोंदातले पाणी उडण्याआधी वॉर्निश लावले तर ते आत अडकते आणि चित्रावर पांढुरके ढग उमटतात. ढग दिसल्यास पुढचा हात थांबवून वस्तू दोन-चार दिवस उबदार कोरड्या जागी ठेवावी. वॉर्निशचा थर पातळ असेल तर ढग बहुधा जातात.

सूप आणि टोपले : बांबूच्या विणीवर नॅपकिन थेट बसत नाही, कागद उंचवट्यांवर टेकतो आणि खड्ड्यांत अधांतरी राहून फाटतो. इथे कागदाच्या लगद्याने टोपली-सूप लिंपण्याची जुनी घरगुती रीत कामी येते. पाव किलो रद्दी दोन-तीन दिवस भिजवून कुटावी, त्यात रात्रभर भिजवून वाटलेली साधारण ५० ग्रॅम मेथी मळावी. हा लगदा ३ ते ४ मिमी जाडीने थापून एक दिवस सावलीत आणि पुढे दोन-तीन दिवस उन्हात वाळवावा. थेट उन्हात ठेवला तर वरचा थर आधी आक्रसतो आणि तडकतो. वाळल्यावर १२० नंबरने घासून, एकास तीन पाणी घातलेल्या गोंदाचा एक हात द्यावा. नाहीतर लगदा पांढरा रंग शोषतच राहतो. असे सूप पुढे धान्य पाखडायला वापरू नये, ते भिंतीवर शोभते.

तान्ह्या पोळ्याचा बैल : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले ओढतात तो चाकांचा लाकडी बैल पिढ्यानपिढ्या घरात असतो आणि त्याचा रंग उडालेला असतो. पाठीची झूल नॅपकिनची करता येते. वशिंड आणि पोट दोन्ही दिशांना गोल असल्याने सपाट कागदाचा मोठा तुकडा तिथे चुण्या पडल्याशिवाय बसत नाही. ३-४ सेंमीचे फाडलेले तुकडे एकमेकांवर थोडे चढवत लावावेत. शिंगे, खूर आणि चाके रंगानेच करावीत, कारण घासणीला कागद तग धरत नाही. बैलाला वॉर्निशचे पाच हात लागतात. सण ऐन पावसाळ्यात येतो, तेव्हा बैल फेब्रुवारीतच करून ठेवावा. आदल्या आठवड्यात केलेला बैल मुलांच्या घामट हातांना चिकटतो. महालक्ष्म्यांच्या मखराच्या फळ्यांनाही हीच मुदत लागू आहे.

मर्यादा : पोळपाट, परात, पाण्याचा माठ यांना हे काम चालत नाही. पहिल्या दोन्हींत अन्नाचा संबंध येतो. माठात भरलेले पाणी आतून पाझरून थर फुगवून टाकते. कंदिलाच्या काचेला किंवा दिव्याजवळच्या वस्तूला कागद लावणे धोक्याचे आहे. तुळशीवृंदावनासारख्या उघड्यावरच्या जागी उन्हाने छपाई उडते आणि पावसाने कडा उठतात. कड उठली तर ब्लेडच्या टोकाने तिच्याखाली थोडा घट्ट गोंद सारावा, पॉलिथिन ठेवून तासभर वजन द्यावे आणि वाळल्यावर तेवढ्या भागावर वॉर्निश फिरवावे. फुगा आला असेल तर आधी त्याला ब्लेडने चीर द्यावी. चिरडून बसवलेला फुगा पुन्हा वर येतो.