एक ग्लास पांढऱ्या वाइनचा, एक लाल वाइनचा: नापा-सोनोमाच्या सहलीआधी वाचायचं पत्रक

नमस्कार,

कॅलिफोर्नियातल्या नापा-सोनोमा या वाइनच्या प्रदेशातल्या सहलीसाठी तुमचं बुकिंग पक्कं झालं आहे. गाडी सकाळी साडेआठला फ्रीमाँटहून निघेल, वाटेत डब्लिनला थांबेल आणि साडेदहाच्या सुमारास आपण कार्नेरोसच्या टेकड्यांपाशी पोचू. त्याआधी हे पत्रक एकदा शांतपणे वाचा. टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वाइन चाखवतात त्या खोलीत, गर्दी असते, समोरची व्यक्ती भराभर बोलते, आणि तिथे सगळं समजावून सांगायला आम्हाला वेळ मिळत नाही.

आमच्यासोबत येणाऱ्यांत इथे राहणारी मंडळी असतात आणि त्यांचे पुण्या-ठाण्याहून, नाशकाहून आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरेही असतात. बरेच जण पहिल्याच ग्लासापाशी संकोचतात. ओतणारा 'ब्लॅकबेरी, सीडर, ग्रॅफाइट' असं काहीबाही सांगतो आणि आपल्या जिभेला नुसतं आंबट लागतं. मग वाटतं, आपल्याला यातलं काही कळत नाही. तसं अजिबात नाही. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट ही यादी आपण लहानपणीच पाठ केलेली असते, आणि वाइनसाठी त्यातले तीन शब्द जवळजवळ पुरतात: आंबट, तुरट आणि गोड. त्यातही 'तुरट' हा शब्द आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला आहे. कच्चं केळं, सुपारी, आवळा, डाळिंबाची साल खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या आकसतात ना, तेच. इथे 'ड्राय' म्हणतात ते वेगळं. ड्राय म्हणजे गोड नसलेली, साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली वाइन. ड्राय वाइन तुरट असेलच असं नाही.

सगळा फरक सालीचा

सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोडणीच्या दिवसांत येत असाल, तर मळेवाल्याची परवानगी घेऊन आम्ही तुम्हाला काबर्ने सोव्हिन्याँ या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी हातात देतो. मणी लहान, वाटाण्याएवढा, जवळजवळ काळा. दोन बोटांत दाबला की गर बाहेर येतो आणि तो पांढुरका असतो, रसही पाण्यासारखा. मग उरलेली साल दाताखाली सावकाश चावायची. आधी गोडसर, मग तोंड आवळून धरणारी तुरट चव, आणि बोटांवर जांभळा डाग. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा कुठून येतो, ते त्या एका मण्यात कळतं.

पांढरी वाइन करताना द्राक्षं आणली की लगेच दाबून रस काढतात आणि साली-बिया बाजूला करतात. नुसता रस थंड, साधारण १२ ते १८ अंश सेल्सियसला आंबवतात. लाल वाइनमध्ये साली-बियांसकट सगळं एकत्र, २५ ते ३० अंशांवर आंबतं. साली वर तरंगून जाड थर धरतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा तो थर खाली दाबतात, किंवा खालचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडतात. चहाचंच उदाहरण घ्या. पत्ती दोन मिनिटांत गाळली तर कोरा चहा हलका लागतो, दहा मिनिटं तशीच ठेवली तर घसा धरतो. साल आणि रस जितका वेळ एकत्र, तितकं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, जास्त.

म्हणून पांढऱ्या वाइनला आंबटपणा तोलून धरतो, तर लाल वाइनमध्ये आंबटपणा असतोच, पण पुढे येतो तो तुरटपणा. पांढरी चाखल्यावर तोंडाला पाणी सुटतं का बघा, लाल चाखल्यावर जीभ टाळूला घासते का बघा.

जोडीने चाखा

आमची एकच आग्रहाची विनंती आहे: एक ग्लास संपवून दुसरा घेऊ नका. दोन ग्लास शेजारी ठेवा, दोन्हींत थोडी थोडी वाइन घ्या आणि आलटून पालटून चाखा. एकटी वाइन चाखली की 'बरी आहे' यापलीकडे शब्द सुचत नाही. शेजारी दुसरी आली की लगेच म्हणता येतं, ही जास्त आंबट, ती जास्त जड, हिचा वास लवकर जातो, तिची चव मागे रेंगाळते.

ग्लास दांडीला धरा. या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे, त्यावर ग्लास तिरका करून रंग बघा. पांढरी वाइन वयाबरोबर गडद, सोनेरी होत जाते आणि लाल वाइन फिकी होते, तिच्या कडेला विटकरी छटा येते. मग ग्लास टेबलावरच गोल फिरवा, नाक आत घाला, दोन छोटे श्वास. त्यानंतर घोट. घोट तोंडात चार-पाच सेकंद फिरू द्या.

पहिली जोडी दोन्ही पांढऱ्यांची: सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शार्डने. सोव्हिन्याँ ब्लाँ बहुधा स्टीलच्या टाकीत होते. लिंबाची साल, पेरू आणि कापलेल्या हिरव्या गवताचा वास येतो, आंबटपणा धारदार. शार्डने मात्र करणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे रूप बदलते. तिच्यातलं मॅलिक आम्ल (हिरव्या सफरचंदातलं आम्ल तेच) जिवाणूंच्या मदतीने लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातल्या आम्लात बदलू दिलं, की वाइन मऊ होते. त्या प्रक्रियेत डायअसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो, त्यालाच लोण्याचा वास असतो. वर ओकच्या पिंपात ठेवली तर व्हॅनिला आणि भाजल्याचा वास चढतो. आमच्या एका पाहुण्या आजींनी ग्लास हुंगून 'लोणी कढवायला ठेवलंय' असं म्हटलं होतं. ओतणाऱ्या मुलीला आम्ही त्याचं भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तिने ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

सोव्हिन्याँ ब्लाँही पिंपात ठेवतात बरं का. नापातले वाइन बनवणारे रॉबर्ट मोंडावी यांनी १९६८ मध्ये तशी ड्राय वाइन 'फ्युमे ब्लाँ' या नावाने बाजारात आणली आणि ते नाव रूढ झालं. बाटलीवर फ्युमे ब्लाँ दिसलं तर घाबरू नका, द्राक्ष तेच.

दुसरी जोडी दोन लाल वाइनची, पिनो न्वार आणि काबर्नेची, आणि ही समजायला खिडकीबाहेर बघावं लागतं. नापाचं खोरं जेमतेम ३० मैल लांब. दक्षिण टोकाला कार्नेरोस, सान पाब्लो उपसागराला लागून. उत्तर टोकाला कॅलिस्टोगा. समुद्रावरचं धुकं दक्षिणेकडून आत येतं, त्यामुळे उन्हाळ्यात एकाच दुपारी या दोन टोकांच्या तापमानात दहा-पंधरा अंश फॅरनहाइटचा फरक पडतो. पातळ सालीच्या पिनो न्वारला गारवा मानवतो, म्हणून ती कार्नेरोसला. जाड सालीच्या काबर्नेला ऊन लागतं, म्हणून ती वर रदरफर्ड, ओकव्हिल, कॅलिस्टोगाकडे. पिनोचा रंग इतका पारदर्शक असतो की ग्लासाखालची अक्षरं वाचता येतात. काबर्नेखालची वाचायला जाल तर जांभळा काळोख दिसेल.

ऊन म्हणजे साखर आणि साखर म्हणजे अल्कोहोल. इथे लाल द्राक्षं २५ ब्रिक्सच्या आसपास तोडतात, म्हणजे रसात वजनाने साधारण २५ टक्के साखर. तिची साडेचौदा टक्क्यांच्या घरातली अल्कोहोल होते. घोट गिळल्यावर छातीत ऊब जाणवते ती त्याची. ती चव नव्हे, हे लक्षात असू द्या.

तिसरी जोडी आमची लाडकी आहे. सोव्हिन्याँ ब्लाँचा ग्लास राखून ठेवा आणि शेवटी काबर्ने सोव्हिन्याँच्या शेजारी आणा. नावातलं साम्य उगीच नाही. इथून तासाभराच्या अंतरावरच्या डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बाउअर्स यांनी डीएनए तपासून १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं की काबर्ने सोव्हिन्याँ हे काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांचं अपत्य आहे. तोपर्यंत एवढ्या नावाजलेल्या लाल द्राक्षाचा एक पालक पांढरा असेल हे कोणाच्या मनात फारसं आलं नव्हतं. आता दोन्ही ग्लास हुंगा. दोन्हींत कुठेतरी मागे कापलेल्या ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास लागतो का? पायराझिन नावाच्या संयुगांमुळे तो येतो आणि या घराण्यात तो चालत आला आहे. फार पिकलेल्या काबर्नेत तो जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे लागला नाही तरी तुमच्या नाकात दोष नाही. पण लागला, की पांढरी-लाल हा भेद एकदम लहान वाटायला लागतो. आम्हाला तरी तो क्षण दर वेळी नव्याने आवडतो.

झिन्फँडेल सोनोमाच्या ड्राय क्रीक भागात चाखू. करवंदाचा मुरंबा आणि वर काळी मिरी, असं वर्णन चालेल. या अस्सल कॅलिफोर्नियन समजल्या गेलेल्या द्राक्षाचं मूळही डीएनएनेच क्रोएशियात सापडलं.

पॅरिसची ती दुपार

२४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर या इंग्रज वाइनविक्रेत्याने पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबल झाकून ठेवल्या. आधी शार्डने, मग काबर्ने. पांढऱ्यांत पहिली आली कॅलिस्टोगाच्या शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्डने, लालमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची काबर्ने. या काबर्नेच्या वेली १९७३ च्या तोडणीच्या वेळी अवघ्या तीन वर्षांच्या होत्या. शार्डनेतली बरीचशी द्राक्षं सोनोमाची होती, हे सोनोमाचे लोक तुम्हाला आवर्जून सांगतील.

घरी तुम्हीही हे करून बघा. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा आणि नंबर टाका. डोळ्यांवर रुमाल बांधून केलं तर आणखी गंमत येते, कारण सारख्याच तापमानाची हलकी लाल आणि पिंपातली पांढरी ओळखताना चांगले जाणकारही अडखळतात. आमचाही अंदाज अनेकदा चुकला आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी

एका ठिकाणी पाच वाइन चाखवतात, प्रत्येकी ३० ते ६० मिली. वरचा आकडा धरला तर दोन ठिकाणी मिळून ६०० मिली, म्हणजे पाऊण बाटलीहून जास्त. म्हणून थुंकायला लाजू नका. काउंटरवरचं भांडं त्यासाठीच असतं, आणि वाइन बनवणारे स्वतः रोज तसंच करतात. मोठ्यांसमोर थुंकणं अवघड वाटत असेल तर गाडीत बसताना कागदी पेला मागून घ्या. उरलेली वाइन भांड्यात ओतून दिली तरी कोणाचा अपमान होत नाही. कोणी मुळीच पीत नसेल तर नुसता वास घ्यायलाही या, आम्ही कोणालाही आग्रह करत नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. वय २१ पूर्ण हवं, तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा.

त्या दिवशी अत्तर, परफ्यूम आणि मोगऱ्याचा गजरा नको. गजरा नको म्हणताना आम्हालाही जड जातं, पण बंद खोलीत तो सगळ्यांच्या ग्लासात उतरतो. बडीशेप, सुपारी, लवंगही परतीच्या प्रवासासाठी ठेवा.

तापमानाकडे लक्ष द्या. एका जुलैत, एका टेस्टिंग रूमच्या उन्हातल्या गच्चीवर आम्हाला कोमट लाल वाइन मिळाली. नुसता अल्कोहोलचा भपकारा, आणि सहा पाहुण्यांनी 'रेड आपल्याला नको' असं ठरवून टाकलं. तीच वाइन आम्ही संध्याकाळी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून दिली, तेव्हा चौघांनी मत बदललं. तेव्हापासून आम्ही बर्फाची पेटी बरोबर नेतो. लाल १५ ते १८ अंशांना, शार्डने १० ते १३, सोव्हिन्याँ ब्लाँ त्याहून थोडी गार. फ्रिजमधून काढल्या काढल्या दिलेल्या पांढऱ्या वाइनला वास नसतो, ग्लास तळहातात धरून थोडा वेळ थांबा.

जेवण आम्ही डब्यातून आणतो. तिखटासमोर जास्त अल्कोहोलची काबर्ने नको, तिखट आणखी जाळतं. कोथिंबीर वडीबरोबर सोव्हिन्याँ ब्लाँ छान लागते. काबर्नेबरोबर चीज देतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. कोऱ्या चहात दूध घातलं की तुरटपणा मोडतो, तसंच हे.

नाशिकचे पाहुणे विचारतातच, म्हणून सांगतो. सुला सुरू करणारे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकलेले, आणि त्यांना वाइन बनवायला मदत करणारे केरी डॅमस्की सोनोमाचे. त्यामुळे नाशकाच्या सोव्हिन्याँ ब्लाँचं इथल्या मातीशी नातं आहे. फक्त तिथली तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, इथली ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. नाशिकची एखादी बाटली सोबत आणलीत तर संध्याकाळी चौथी जोडी लावू.

बाटल्या विकत घेताना लेबल वाचा. 'नापा व्हॅली' लिहिलं असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथली हवीत. द्राक्षाचं नाव लिहिलं असेल तर ते किमान ७५ टक्के. म्हणजे 'काबर्ने' लिहिलेल्या बाटलीत थोडी मर्लो (दुसरं एक लाल द्राक्ष) असू शकते, त्यात फसवणूक नाही. भारतात नेताना माणशी दोन लिटरपर्यंत दारूवर शुल्क लागत नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इनच्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. जाड टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा. घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, आमच्याकडे द्या. बर्फाच्या पेटीशेजारी त्यांच्यासाठी जागा केलेली असते, प्रत्येकीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून.